न वाजणारा नारळ

"बाकी तुमचं जादूघर एक नंबर झालंय," दौलतराव म्हणाले, "तेवढा नारळ काढा."

दौलतराव शिंगटे आमच्या न्यासाचे अध्यक्ष. सांगलीतली त्यांची जुनी तेलाची गिरणी बंद पडली होती. ती जागा त्यांनी मुलांच्या संग्रहालयासाठी दिली आणि ते उभं करायचं काम माझ्याकडे आलं. मुलांनी यावं, सगळ्याला हात लावावा, फसावं, आणि मग पडद्यामागे जाऊन आपण कसे फसलो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, अशी माझी सगळी मांडणी. हवेत लटकलेला एक नळ होता. त्यातून धो धो पाणी पडायचं आणि त्याला पाइप कुठेच दिसायचा नाही. एक तिरकी खोली होती, तिच्यात चेंडू चढावर पळायचा. एक टेबल होतं, त्याच्या भोकातून डोकं वर काढलं की नुसतं मुंडकं टेबलावर ठेवल्यासारखं दिसायचं. दौलतरावांनी आल्या आल्या त्यात डोकं घालून फोटो काढून घेतला होता. आणि तोच गृहस्थ, केस नीट करत, मला नारळ काढा म्हणत होता.

"का काढायचा?" मी विचारलं.

"अहो, लोकांच्या भावना असतात."

"कुठल्या लोकांच्या? पोरांच्या की तुमच्या?"

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उलट खाली उतरतो. मला ओळखणारी माणसं त्या आवाजाला टरकून असतात. दौलतराव मला अजून ओळखत नव्हते.

"हे बघा मॅडम, नारळ म्हणजे श्रीफळ. देवाची वस्तू. त्यातनं दोरा निघतोय, केस निघतायत, कुंकू निघतंय असं तुम्ही दाखवणार. पोरं घरी जाऊन म्हणणार, आई गं, देवऋषी फसवतोय. उद्या माझ्या दारात माणसं येऊन बसतील."

"फसवतोच की तो."

"तुम्ही म्हणा. मला म्हणता येत नाही."

नारळाचं टेबल हे सगळ्या जादूघरातलं सगळ्यात साधं टेबल होतं. त्यावर शेंडीसकट नारळ मांडलेले असत. त्यातला एक मी केलेला. मुलांनी एकेक नारळ उचलायचा आणि कानाशी हलवायचा. ज्यात पाणी वाजत नाही तो बाजूला घ्यायचा, त्याची शेंडी वर करून खालचे डोळे बघायचे, आणि बुजवलेलं भोक बोटाने चाचपून शोधायचं. मग तो नारळ त्यांच्यासमोर फोडायचा. आत काळा दोरा, केसांची गुंतवळ, कुंकवाचा लगदा. संपली करणी. गावोगावच्या बायकांना जिच्यापायी घराबाहेर काढलं, ती करणी एवढ्याशा भोकातून आत जाते, हे मला पोरांना दाखवायचं होतं. आणि पोरांच्याही आधी एका म्हाताऱ्या बाईला दाखवायचं होतं. ते दौलतरावांना सांगायची मला गरज वाटली नाही.

मी पाना उचलला आणि मुंडक्याच्या टेबलाखालचा आरसा सैल करायला बसले.

"हे काय करताय?"

"नारळ काढायचा तर आरसेही काढते. फसवणूक दाखवायची नसेल तर काहीच नको दाखवायला. नळही काढते. तुम्हाला पेंड ठेवायला जागा होईल."

"अहो, पत्रिका वाटून झाल्यात!"

"मग सगळ्यांना कळवा, या म्हणून. चहा प्या आणि जा."

 माझा आवाज तोवर इतका खाली गेला होता की दौलतरावांना वाकून ऐकावं लागत होतं. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला.

"राहू दे तुमचा नारळ. पण एक करू. उद्घाटनाचा नारळ तुमच्या वडिलांच्या हातून फोडू. तोडकर सर म्हणजे जुने विज्ञानाचे मास्तर, निम्मी सांगली त्यांच्या हाताखालून गेलेली. ते उभे राहिले म्हणजे कुणी तोंड उघडायचं नाही."

मला आनंदच झाला. घरी जाताना मी पेढे घेतले. आता आठवलं तरी त्या पेढ्यांची मला चीड येते.

आबांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"नारळ राहिला म्हणतेस?"

"राहिला. आणि उद्घाटनाचा नारळ तुम्ही फोडायचा."

"दुसऱ्या कुणाकडून फोडून घ्या," ते म्हणाले आणि पेढा बशीत ठेवून आत गेले.

मला वाटलं, वय झालं, गर्दी नको असेल. आई गेल्यापासून आबा माझ्याकडेच राहत होते. जादूघराच्या कामात ते पहिल्यापासून माझ्याबरोबर होते. आरसा किती तिरका ठेवायचा, नळाच्या धारेत काचेची नळी कशी लपते, तिरक्या खोलीच्या खिडक्या कशा कापायच्या, हे सगळं त्यांनी जुन्या वह्यांच्या पाठीवर आकृत्या काढून मला समजावलं होतं. लहानपणी वाटीत नाणं ठेवून, त्यात पाणी ओतून, नाहीसं झालेलं नाणं मला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं. जादू म्हणजे कुणीतरी तुझ्यापासून लपवलेली गोष्ट, असं ते म्हणायचे. मला ते वाक्य फार आवडायचं.

फक्त नारळाच्या टेबलाला त्यांचा विरोध होता. कारण विचारलं तर म्हणाले, करवंटीचा कपचा उडून एखाद्या पोराच्या डोळ्यात जाईल. मग दुसऱ्या दिवशी म्हणाले, नारळ महाग पडतात. तिसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत.

त्या नारळाने मला छळलंही पुष्कळ. भोक पाडणं सोपं होतं, तीन डोळ्यांतला एक मऊ असतोच. पाणी काढून आत दोरा आणि केस सारणंही जमलं. पण वर मेण लावलं की ते पांढरं दिसायचं. काळं मेण केलं तर आणखी उठून दिसायचं. मी जेवणाच्या टेबलावर नारळ मांडून बसायचे, चिडायचे, आदळआपट करायचे. आबा पेपर वाचत असायचे. एकदा असाच तिसरा की चौथा नारळ मी बिघडवला, तेव्हा त्यांनी पेपर खाली न करताच म्हटलं, "नुसतं मेण काय थापतेस? करवंटी कानशीने घास, ती भुकटी मेणात मिसळ आणि वरून अंगठ्याने दाब. शेंडीचे दोन धागे त्यात चिकटव. मग बघणाऱ्याच्या बापाला कळायचं नाही."

मी तसं केलं. भोक दिसेनासं झालं.

"आबा, तुम्ही तर पक्के देवऋषी!" मी ओरडले.

ते उठले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. रोज फिरायला जायची त्यांची वेळ ती नव्हती. मी आपली माझ्या नारळाच्या नादात.

आता सगुणाआत्याचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी होतं.

आत्या आबांची थोरली बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, म्हणून ती माहेरी परत आली ती आलीच. माझे आजी-आजोबा लवकर गेले. आबांना तिनेच वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं, त्यांचं लग्नही तिनेच लावून दिलं. मग माझा मोठा भाऊ झाला, विलास. तो चालायला लागला आणि तापाने गेला. पुढे आई पुन्हा पोटुशी राहिली, माझ्या वेळी. तेव्हा घरी देवऋष्याला बोलावलं. घरच्या देव्हाऱ्यात रात्रभर ठेवलेला नारळ त्याने अंगणात सगळ्या भावकीसमोर फोडला. आतून पाणी आलं नाही. काळा दोरा आला, कुंकू आलं आणि बाईच्या लांब केसांची गुंतवळ आली. देवऋषी म्हणाला, करणी घरातल्याच बाईची आहे. सगळ्यांनी आत्याच्या केसांकडे पाहिलं. संध्याकाळच्या गाडीने तिला एका पत्र्याच्या ट्रंकेसकट वाटेला लावलं.

आईने मला हे सांगितलं होतं ते आत्याला शिव्या देत. आबा एवढंच म्हणायचे, "गावाने केलं. मी एकटा काय करणार होतो?" आणि त्यांचे डोळे भरून यायचे. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. फिरवायचे हो!

कॉलेजात असताना मी आत्याला मिरजेत शोधून काढलं. एका दवाखान्यात ती आया म्हणून कामाला होती. मला वाटलं होतं, ती चिडलेली असेल, आमच्या घराला तळतळून शाप देत असेल. तसलं काही नव्हतं. मी जवळ गेले तशी ती मागे सरकली. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

"लांबनं बोल, पोरी," ती म्हणाली. "माझा हात चांगला न्हाई."

ती सगळं खरं धरून बसली होती. देवऋषी खोटारडा असेल, नारळात कुणीतरी घातलं असेल, हे मी तिला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. ती मान हलवायची. "केस माझंच हुतं गं. माझी मला वळख न्हाई व्हय? आन् मी बोलले हुते. इलासच्या उशाशी बसून बसून जीव कातावला, त्याचं हाल बगवंनात, तवा माझ्या तोंडातनं गेलं, सोडव रं देवा ह्याला एकदाचं. देवानं ऐकलं. मग करणी आनिक कशाला म्हनत्यात?"

दवाखान्यात तिने पुरुषांचा वॉर्ड मागून घेतला होता. लहान मुलांच्या वॉर्डात ती कधी गेली नाही. गल्लीत पोरं खेळत असली की ती दुसऱ्या वाटेने घरी जायची. एका बाईचा असा जन्म गेला आणि ज्याने तो घालवला तो देवऋषी खाऊनपिऊन, म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात मेला. त्याचं नाव मला पाठ होतं. त्याने हातचलाखी करून नारळ बदलला असणार, याची मला खात्री होती. मेलेल्या माणसावर जितकं रागावता येतं तितकं मी त्याच्यावर रागावून घेतलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, मी आत्याला रिक्षातून घेऊन आले. यायला ती तयारच नव्हती. पोरं यायच्या आत परत सोडते असं कबूल केलं, तेव्हा निघाली. हात पदराखालीच.

नळाखाली मात्र तिने एक हात बाहेर काढला. "पाइप कुठाय ह्येचा?" मी तिला पाण्याच्या धारेतली काचेची नळी दाखवली. पाणी त्या नळीतून वर चढतं आणि नळीच्याच अंगाने खाली पडतं. आत्या तोंडाला पदर लावून हसली. "लबाड हायेस," म्हणाली. मला वाटलं, आज जमणार.

मग मी तिला नारळाच्या टेबलाशी नेलं. काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "बघ."

आत्याने बाजारात उचलावा तसा एक नारळ उचलला, कानाशी हलवला, खाली ठेवला. दुसरा हलवला, ठेवला. तिसरा हलवला, पुन्हा हलवला, आणि बाजूला सारला.

"ह्यो परत दे जा. फशिवलं तुला."

"का?"

"पाणी न्हाई ह्यात."

मी शेंडी वर केली. तिचं बोट धरून डोळ्यांवर फिरवलं. एक डोळा गुळगुळीत लागला तसं तिने बोट मागे घेतलं. मग पुन्हा तिथेच ठेवलं आणि नखाने खरवडलं. मेणाची गोळी निघून आली. मी नारळ फोडला. काळा दोरा, गुंतवळ, कुंकू.

आत्या स्टुलावर बसली. मी वाट बघत होते, की आता हिच्या जिवावरचं ओझं उतरेल, ही रडेल, मला जवळ घेईल. मी त्याची किती तयारी केली होती.

"ह्ये तू घातलंस?"

"मीच. माझेच केस आहेत ते."

"आन् पाणी?"

"ते आधीच काढून टाकायचं, त्याच भोकातून. म्हणून वाजत नाही."

तिने एक करवंटी उचलून उलटीपालटी केली. मग म्हणाली, "त्यो बी वाजत नव्हता."

"कुठला?"

"देव्हाऱ्यातला. त्या दिशी सकाळी पुजेला बसले तवा मी हलवून बघितला. बाईमाणसाला सवयच असती. वाजला न्हाई. मी शिरपाला हाक मारली, म्हटलं, अरं ह्यो नासका हाय, दुसरा ठेव. तर म्हनला, असू दे अक्का, ह्योच असू दे. माझ्या हातातनं घेतला आन् परत ठेवला."

शिरपा म्हणजे आबा. श्रीपती तोडकर.

"देवऋषी कधी आला होता, आत्या?"

"दुपारनं."

 देवऋष्याने नारळ बदललाच नव्हता. तो यायच्या आधीच, आमच्याच देव्हाऱ्यात, त्या नारळातलं पाणी गेलेलं होतं. आत्याच्या फणीतली गुंतवळ बाहेरच्या माणसाला मिळणार कशी? आणि करवंटी कानशीने घास, भुकटी मेणात मिसळ, अंगठ्याने दाब. पेपर खाली न करता. पोरीचं काम चुकतंय हे मास्तरांना बघवलं नाही आणि तोंड आपोआप बरोबर उत्तर सांगून मोकळं झालं.

माझ्या अंगाची नुसती आग झाली. ज्या माणसाने मला जादू म्हणजे लपवलेली गोष्ट म्हणून शिकवलं, ज्याच्या पाठीवरून मी हात फिरवले, ज्याला शाळेच्या स्टेजवर अंधश्रद्धेवर भाषणं करताना ऐकून मी टाळ्या पिटल्या! देवऋष्यावरचा माझा सगळा राग फुकट गेला होता. मी चुकीच्या प्रेतावर रागावले होते.

आणि नेमके तेव्हाच आबा आले. नको म्हणत होते तरी दौलतरावांनी त्यांना तयार केलं होतं आणि गाडी पाठवली होती. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, हातात काठी. दारातून आत आले ते मला हाक मारत, आणि स्टुलावर आत्या बसलेली दिसली तसे थांबले. त्या ट्रंकेच्या दिवसानंतर दोघं एकमेकांना पहिल्यांदा बघत होती.

"अक्का," ते म्हणाले.

मी विचारलं, "आबा, मेणात करवंटीची भुकटी घालायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्यांनी टेबलावरच्या करवंट्या पाहिल्या. टोपी काढली, पुन्हा घातली. मागे दार उघडं होतं, पण ते हलले नाहीत; माझा आवाज पार खाली उतरला होता. त्यांना तो चांगला ओळखीचा होता.

"तुझी आई पोटुशी होती," ते म्हणाले. "रात्रंदिवस रडायची. अक्का घरात असेल तर हेही मूल जगायचं नाही म्हणायची. एक तर ती राहील नाहीतर मी विहीर जवळ करीन म्हणायची. मी काय करणार होतो? देवऋष्याला म्हटलं, तू फक्त फोड."

"आणि केस?"

"फणीतले."

"स्वतः घेतलेत?"

ते माझ्याकडे वळले आणि त्यांचे डोळे भरून आले, अगदी नेहमीसारखे. "कुंदा, तू पोटात होतीस. तुझ्यासाठीच—"

"माझं नाव घ्यायचं नाही," मी म्हटलं. "ते माझ्या माथी मारू नका. मी जन्मलेही नव्हते."

आत्या उठली. ती आबांपेक्षा हातभर बुटकी. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पदराखालचे दोन्ही हात तिने बाहेर काढून त्यांच्या तोंडासमोर धरले.

"ह्ये बघ. ह्या हातांनी तुला न्हाऊ घातलं, शिरपा. इलासला न्हाऊ घातलं. त्याच्या मागनं ह्या हातांनी एका लेकराला शिवले न्हाई. वार्डात लेकरू आलं भेटायला, की मी मोरी धुवायला पळायचे. रोज देवाम्होरं इलासची माफी मागितली. रोज! मला वाटायचं, मी खाल्लं त्याला."

"अक्का, चुकलं माझं. तुला जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही."

"म्हनायचं हुतंस," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला, पार वर गिरणीच्या पत्र्यापर्यंत गेला. "अक्का, जा म्हनायचं! मी गेले असते की रं. त्याच गाडीनं गेले असते. तुझं लेकरू माझ्यावर घालायची काय गरज हुती?"

आबा भिंतीला टेकले. मला त्यांची दया आली नाही. आज ते नाहीत, आत्याही नाही, आणि मी त्या सकाळकडे पुष्कळ वेळा परत जाऊन पाहिलं. दया अजूनही येत नाही.

बाहेर सनई लागली. दौलतराव दारात डोकावले. "चला सर, पाहुणे आले, पोरं आली. आणि ह्या कोण?"

"माझी मोठी आत्या," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत बसेल."

रिक्षा मी परत पाठवली. पोरं यायच्या आत मला सोड, असं आत्याही म्हणाली नाही.

अंगणात मांडव होता. शाळेच्या पोरांचा नुसता कालवा. दौलतरावांनी भाषण केलं, त्यात मला विदुषी वगैरे म्हटलं, नारळाच्या टेबलाचं नाव घेतलं नाही. मग तबक आलं. त्यात फुलं, हळदकुंकू आणि शेंडी ठेवलेला नारळ. "ज्यांनी आयुष्यभर मुलांना खरं काय, खोटं काय ते शिकवलं, ते आपले तोडकर सर!" दौलतराव म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आबांनी नारळ उचलला. समोर दगड ठेवला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आत्या मोठ्यांदा म्हणाली, "वाजवून बघ आधी, शिरपा."

लोक हसले. गावाकडची म्हातारी, तिला काय, नारळ नासका निघेल याची काळजी. दौलतरावही हसले. म्हणाले, "बघा सर, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे." पोरांना तर गंमतच वाटली. ती ओरडायला लागली, वाजवा, सर, वाजवा!

आबांनी नारळ कानाशी नेला. हलवला असेल नसेल. हात तिथेच राहिला. फोटोवाला म्हणत होता, सर, फोडा आता. आबा तसेच उभे. मी पुढे जायला हवं होतं, मुलगी म्हणून. मी जागची हलले नाही. शेवटी दौलतरावांनी नारळ त्यांच्या हातून काढून घेतला आणि दगडावर आपटला. भरपूर पाणी निघालं. ते आबांच्या धोतरावर उडालं.

दारं उघडली तशी पोरं लोंढ्याने आत घुसली. नळाकडे, मुंडक्याकडे, तिरक्या खोलीकडे. नारळाच्या टेबलाशी मी आमच्या माणसाला, करून ठेवलेले आणखी नारळ देऊन, उभं केलं होतं, पण मी पोहोचले तोवर तिथे आत्या होती. स्टूल ओढून बसली होती. एका चुणचुणीत पोरीच्या कानाशी तिने नारळ धरला होता आणि दुसरा हात त्या पोरीच्या खांद्यावर होता.

"वाजतंय?"

"नाही आजी."

"मग बाजूला घे. आता शेंडी वर कर. हितं बोट लाव."

भोक सापडलं. नारळ फुटला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून आत बघायला लागली. शी, केस! दोरा! ए, कुंकू बघ! कसं घातलं ते आत्याने त्यांना दाखवलं, मेणाची गोळी हातात दिली. मग त्या पोरीने विचारलं, "पण आजी, खरंच कुणी करतं असं?"

"करत्यात की. माझ्यावर केलं हुतं."

"कुणी?"

आबा दारात उभे होते. ओल्या धोतराने, काठीवर रेलून. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, सरळ पाहिलं, आणि त्या पोरीला सांगितलं,

"माझ्या भावानं."

पोरीने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने दुसरा नारळ उचलला आणि कानाशी धरून हलवायला लागली.